निवाडे सांगणारा पोपट

नद्यांवर पूल बांधायचं माणसाला अजून सुचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका राज्यात एक चांगला रिवाज होता. न्यायाधीशाने मनाला येईल तसा न्याय करायचा नाही. तसाच तंटा पूर्वी कुठे झाला होता का, तेव्हा काय ठरलं होतं, ते आधी पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं. त्यामुळे वकिलांचं निम्मं आयुष्य जुने निवाडे धुंडाळण्यात जाई. ताडपत्रांच्या खोलीत शिरलेला वकील बाहेर येई, तेव्हा त्याच्या मिशांना जळमटं लागलेली असत.

विसाजीपंत हे त्या राज्यातले नावाजलेले वकील. माणूस प्रामाणिक. पण आता वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते आणि धुळीने शिंकांवर शिंका येत होत्या. एकदा बाजारात पाखरं विकणाऱ्याने त्यांना हाक मारली.

"पंत, हा पोपट बघा. कचेरीच्या वडावर जन्मला. तिथे झालेला प्रत्येक निवाडा याच्या कानावरून गेलाय."

पंतांनी गंमत म्हणून पोपटाला विचारलं, "काय रे, शेजाऱ्याच्या बैलाने कुंपण मोडलं तर काय?"

पोपटाने मान तिरकी केली. "पंत कोणाच्या बाजूने आहेत? बैलाच्या की कुंपणाच्या?"

"कुंपणाच्या."

"मग आहे ना निवाडा!" पोपट म्हणाला, आणि त्याने गाव सांगितलं, राजा सांगितला, न्यायाधीश सांगितला, बैलाचा रंगसुद्धा सांगितला.

पंत हरखून गेले. पोपट घरी आला. त्या दिवसापासून पंतांनी ताडपत्रांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पोपटाला पेरू द्यायचा, निवाडा घ्यायचा आणि कचेरीत जायचं, असा त्यांचा दिनक्रम झाला. कुणी कधी काही विचारलं नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललं.

पुढे त्या राज्यात एक विचित्र खटला उभा राहिला.

नदीवर धाकू नावाचा नावाडी होता. तो आणि त्याची बायको गिरजा, दोघं मिळून नाव चालवत. एकदा नगरशेठच्या मुलाचं वऱ्हाड नदीकाठी आलं. लग्न पलीकडच्या गावात होतं. पण डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता आणि नदी दुथडी भरून वाहत होती. धाकूने हात जोडले.

"शेठ, आज नदी माझं ऐकायची नाही. पाणी उतरू द्या, मग नेतो."

पाणी काही लवकर उतरलं नाही. मुहूर्त टळू नये म्हणून पलीकडच्या मांडवात वधूपित्याने पाहुण्यांतलाच एक मुलगा बोहल्यावर उभा केला आणि अक्षता टाकून मोकळा झाला. नगरशेठचा मुलगा मुंडावळ्या बांधून या काठावर उभाच राहिला.

नगरशेठच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कचेरीत दाद मागितली. धाकूची नाव फोडावी आणि त्याला नदीपासून हद्दपार करावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

धाकू आणि गिरजा धावत विसाजीपंतांकडे आले.

"पंत, तुम्ही एकदा नदीवर येऊन बघा," गिरजा म्हणाली. "पाणी कुठवर चढलं होतं ते झाडं सांगतील. काठावरची माणसंही सांगतील."

"अगं बाई, नदी काय बघायची? निवाडा बघायचा!" पंत हसून म्हणाले आणि पिंजऱ्याकडे वळले. "काय रे, पुरात नाव न घालणाऱ्या नावाड्याला निर्दोष सोडल्याचा निवाडा मिळेल का?"

"एक का? दोन देतो!" पोपट म्हणाला.

"खरे आहेत ना?"

"अगदी खरे!"

खटल्याच्या दिवशी कचेरी तुडुंब भरली. विसाजीपंत पिंजरा घेऊनच उभे राहिले. खाकरून म्हणाले, "महाराज, खडकमाळच्या घाटावर असाच तंटा झाला होता. पुरामुळे नावाड्याने नाव घातली नाही. त्याला निर्दोष सोडण्यात आलं."

न्यायाधीशांच्या भुवया वर गेल्या. "कुठल्या खडकमाळला?"

"डोंगरापलीकडच्या, महाराज."

"ते माझं आजोळ," न्यायाधीश म्हणाले. "तिथे नदी नाही. घाट नाही. पिण्याचं पाणी डोक्यावरून आणतात. नाव तिथे कुणी चित्रातसुद्धा पाहिलेली नाही."

सगळ्या कचेरीने आ वासला. पंतांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाईघाईने दुसरा निवाडा पुढे केला. "आणखी एक आहे, महाराज. भास्करभट्ट न्यायाधीशांनी भर दरबारात दिलेला."

न्यायाधीश आसनावरून अर्धवट उठलेच. "भास्करभट्ट? अहो, ते माझे आजोबा! ते न्यायासनावर कधी बसले? ते राजवाड्यात बुंदी पाडत होते!"

आता मात्र कुणाला हसावं की रडावं ते कळेना. पंतांनी पिंजरा उचलला. "अरे, हे निवाडे खरे आहेत ना?"

"अगदी खरे!" पोपट म्हणाला. "हवा असेल तर तिसरा देतो."

"तू हे ऐकलंस कुठे?" न्यायाधीश गरजले.

पोपटाला त्या रागाचा काही अर्थच लागला नाही. "पंतांना काय आवडेल ते मी त्यांच्या तोंडावर पाहतो आणि तेच बोलतो. ते खूश होतात, मी पेरू खातो. ऐकायचं कशाला?"

विसाजीपंतांनी पिंजरा खाली ठेवला.

न्यायाधीश संतापाने लाल झाले होते. "कचेरीत पोपटपंची! ज्याचा वकील असे खोटे निवाडे पुढे करतो, त्याची बाजू खरी असेल कशावरून?"

"महाराज, पूर खरा होता," धाकू काकुळतीने म्हणाला. "माझ्या नावेत बसून माणसं मेली असती." पण आता त्याचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

तेवढ्यात नगरशेठचे वकील रंगोपंत पुढे आले आणि त्यांनी न्यायाधीशांच्या कानात हळूच काही सांगितलं. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि निकाल दिला. "बोरवाडीच्या निवाड्याप्रमाणे, लग्नाचं वऱ्हाड अडवणाऱ्या नावाड्याची नाव फोडावी आणि त्याला नदीपासून दूर घालवावं."

शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात, तोच शिपाई कुऱ्हाडी घेऊन नदीकडे धावले.

धाकूने तोंड झाकून घेतलं. गिरजा मात्र पुढे आली. तिने पदर सावरला आणि हात जोडले.

"महाराज, ती बोरवाडी कुठं आली?"

"कशाला हवी तुला?"

"त्या नावाड्याच्या घरच्यांना भेटून येईन म्हणते. नाव गेल्यावर ते कसे जगले, एवढं विचारीन. आम्हाला तेच करावं लागणार आता."

न्यायाधीशांनी रंगोपंतांकडे पाहिलं. रंगोपंतांनी जमिनीकडे पाहिलं.

"रंगोपंत, सांगा तिला. कुठे आहे बोरवाडी?"

रंगोपंत पुटपुटले, "महाराज... पाखरं विकणाऱ्याकडे दोन पोपट होते."

एका वकिलाचं खोटं पकडलं म्हणून त्याच्या अशिलाची बाजूही खोटी धरली होती. आणि त्याच आसनावरून, त्याच घटकेला, दुसऱ्या पोपटाचं बोलणं निकाल म्हणून बाहेर पडलं होतं! खडकमाळला नदी नाही म्हणून गरजणाऱ्या न्यायाधीशांनी बोरवाडी आहे की नाही, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

न्यायाधीश पागोटं सावरायचंही विसरले. ते नदीकडे धावत सुटले. त्यांच्यामागे दोन्ही वकील, त्यांच्यामागे सगळी कचेरी.

पण उशीर झाला होता. नावेच्या चिरफळ्या काठावर पसरल्या होत्या. शिपाई घाम पुसत उभे होते. गिरजाने एक फळी उचलून छातीशी धरली आणि तिथेच बसून राहिली.

न्यायाधीशांनी वर पाहिलं. माणसाच्या डोक्याहून उंच फांद्यांमध्ये पुराने आणलेलं गवत अजून अडकलेलं होतं. काठावरच्या माणसांना विचारलं, तर प्रत्येकाने तेच सांगितलं. मग त्यांनी नगरशेठच्या मुलाला पुढे बोलावलं.

"खरं सांग. धाकूने नाव घातली असती, तर तू बसला असतास?"

मुलाने बापाकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं. "नाही, महाराज. ते पाणी पाहून मी झाडाला मिठी मारली होती. धाकू नाही म्हणाला, तेव्हा मी देवाचे आभार मानले."

नगरशेठची मान खाली गेली. एवढी साधी गोष्ट इथे उघड्यावर पडली होती. ती पाहायला दोन वकिलांपैकी एकही आला नव्हता, आणि न्यायाधीशही आले नव्हते.

न्यायाधीश म्हणाले, "धाकू निर्दोष आहे. पण तेवढ्याने त्याची नाव परत येत नाही. ती आता आम्ही तिघं बांधू. विसाजीपंत, रंगोपंत आणि मी."

आणि खरोखरच तसं झालं. सुताराने दाखवायचं आणि या तिघांनी करायचं. रंध्याने तळहातांना फोड आले. फटींत काथ्या ठोकताना बोटं ठेचली. लोक मुद्दाम बघायला येत. दोन्ही पोपट सोडून दिले होते, ते बाभळीवर बसून "छान! फारच छान!" म्हणत.

नाव तयार झाली. धाकूने ती पाण्याला लावली आणि तिघांना म्हणाला, "बसा. पहिली फेरी तुमची."

विसाजीपंतांनी एक पाय उचलला आणि तसाच थांबवला. "धाकू, ही टिकेल ना रे?"

"मला काय विचारता, पंत? बांधली तुम्ही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. समोर खोल पाणी होतं. बाभळीवरून पोपट ओरडला, "टिकेल! अगदी खात्रीने टिकेल!"

पंतांनी पाय मागे घेतला. मग ते तिघंही नावेत गुडघ्यांवर बसले आणि एकेक फळी ठोकून पाहू लागले, एकेका फटीवरून बोट फिरवू लागले. दोन ठिकाणी काथ्या सैल निघाला. तो त्यांनी पुन्हा भरला, पुन्हा तपासला. सूर्य कलला तेव्हा कुठे ते नावेत नीट बसले, आणि गिरजाने वल्हं पाण्यात टाकलं.

तात्पर्य : ज्या आधारावर दुसऱ्याचं तरणं-बुडणं अवलंबून आहे, तो आपण स्वतः त्यावर बसणार असल्यासारखा तपासून घ्यावा, नाहीतर खरी बाजूसुद्धा बुडते.