न उघडलेली अकरा मिनिटं

"म्हणजे आवाज आत आहेत, पण बाहेर येत नाहीत?"

अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांना ऐकू कमी येई. समोरच्याच्या ओठांकडे बघत ते बोलत.

"आहेत, अप्पा. नक्की आहेत," मन्मथ मोठ्यानं म्हणाला. "फक्त उघडत नाहीत."

"उघडत नाहीत, तर आहेत हे कशावरून?"

तीन आठवडे हाच प्रश्न मन्मथ स्वतःला विचारत होता.

चन्नबसवअप्पांचा मठ मांजरा नदीच्या काठावर होता. मठ म्हणायचा एवढंच. सात खोल्या आणि एक लांब ओसरी. दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून सांगितलेली आणि घरी बघायला कोणी नसलेली माणसं इथं शेवटचे दिवस काढायला येत. अप्पा त्यांना उपदेश करत नसत. उशाशी बसत, हात हातात घेत आणि बसून राहत.

मन्मथ कोरे पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियर होता. सात वर्षांपूर्वी त्याचे वडील याच मठात वारले. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. वडील शेवटी काय बोलले ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. ती गोष्ट त्याला फार लागली. त्यानं नोकरी सोडली आणि तो अप्पांपाशी राहायला आला.

"माणसं जातात ते मला थांबवता येणार नाही," तो तेव्हा म्हणाला होता. "पण त्यांचं बोलणं मी जाऊ देणार नाही."

मग त्यानं माइक आणला, लॅपटॉप आणला. जायला निघालेल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर मन्मथ ते टिपून ठेवी. लांबची मुलं, भावंडं पुढं सवडीनं येत, कानाला यंत्र लावून ओसरीवर रडत, आणि जाताना मन्मथचे हात धरत. होता होता दोनशेवर माणसांचे आवाज जमले. मन्मथला त्याचा अभिमान वाटे. वाटायलाच हवा होता.

एकदाच अप्पांनी विचारलं होतं, "हे किती दिवस टिकेल?"

"कायमचं."

"कायमचं म्हणजे किती?"

मन्मथ हसला होता. बॅकअप म्हणजे काय ते त्यानं म्हाताऱ्याला समजावून सांगितलं होतं. एक प्रोग्रॅम रोज सगळे आवाज गोळा करतो, कुलूपबंद गठ्ठा करतो आणि वेगळ्या डिस्कवर नेऊन ठेवतो. काम झालं की हिरवी खूण येते.

"गठ्ठा सोडून बघितलास कधी?"

"हिरवी खूण येते ना, अप्पा," तो म्हणाला होता.

ते आपलं हसणं आता त्याला आठवत होतं.

झालं होतं ते अगदी साधं. कॉम्प्युटर संथ चालू लागला होता. जागा कमी पडत होती. गठ्ठ्यात सगळं आहेच, म्हणून मन्मथनं कॉम्प्युटरवरचे सुटे आवाज पुसून टाकले. महिन्याभरानं नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. कॉम्प्युटर पाण्यासारखा चालू लागला. तो खूश झाला.

मग मस्कतहून रामलिंग हुडेंची मुलगी महानंदा हिचा फोन आला. "मी येतेय. बाबांचं बोलणं ऐकायला."

तिला दाखवायला म्हणून त्यानं गठ्ठा उघडायला घेतला. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर उघडेना. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली, तर ती म्हणे, हा गठ्ठा फार जुन्या आवृत्तीतला आहे, मला वाचता येत नाही. लातूरच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर जुनी सिस्टीम घातली, जुना प्रोग्रॅम घातला. प्रोग्रॅम सुरू झाला, आणि परवानगीसाठी आपल्या कंपनीला शोधू लागला. ती कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती; नवी आवृत्ती दुसऱ्याच कंपनीची होती.

पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. फिरतच राहिलं.

"चाळीस जणांचे आवाज अजून कोणी ऐकलेलेच नाहीत," मन्मथ म्हणाला. "त्यात रामलिंग हुडेंचा आहे. आणि त्यांची मुलगी दहाच्या गाडीनं येतेय."

अप्पांनी ओसरीच्या खांबाला पाठ टेकली.

"तिला सांगू का, यंत्र दुरुस्तीला दिलंय म्हणून? पुढच्या वर्षी या म्हणावं..."

"पुढच्या वर्षी काय सांगशील?"

"अप्पा, तुम्ही होतात तिथं. त्यांचा हात तुमच्या हातात होता. तुम्हीच सांगा ना तिला, काय बोलले ते."

अप्पा सावकाश म्हणाले, "मला ऐकू येत नाही, मन्मथ. म्हणून तर तुला बसवलं होतं."

समोर लिंबाखाली कोणीतरी घागर विसळत होतं. तेवढाच आवाज.

"तू होतास की तिथं," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. "काय म्हणाला रामलिंग?"

मन्मथनं डोळे मिटले.

त्याला खोली आठवली. पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती, म्हणून त्यानं पंखा बंद केला होता. पडद्यावरची हिरवी पट्टी आठवली, बोलण्याबरोबर वरखाली होणारी. चौथ्या मिनिटाला म्हाताऱ्याला खोकला आला आणि पट्टी लाल झाली, तेव्हा आपण पटकन आवाज कमी केला, तेही आठवलं. एकूण वेळ आठवला. अकरा मिनिटं बावीस सेकंद.

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. शब्द... शब्द एकही येईना.

आणि मग एक शब्द आला. तो आला तसा मन्मथनं डोळे उघडले.

"काय?" अप्पांनी विचारलं.

तो सांगणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

महानंदा चाळिशीला आलेली होती. मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स. तिनं चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या, अप्पांच्या पाया पडली, आणि मांडीवर पर्स घेऊन ओसरीवर बसली.

रामलिंग हुडे एसटीत कंडक्टर होते. उदगीरच्या गाडीवर त्यांची हयात गेली. मुलीनं त्यांना न विचारता लग्न केलं, आणि नऊ वर्षं बापलेकीत अबोला राहिला. शेवटी ते मठात आले तेव्हा तिला रजा मिळाली नाही. मन्मथनंच तिला फोन करून सांगितलं होतं, "ताई, वडील तुमच्यासाठी बोलून गेलेत." पाठवू का, म्हटल्यावर ती म्हणाली होती, "नको. इथं हॉस्टेलमध्ये, आठ बायकांत मला नाही ऐकवणार. मी तिकडं येऊन ऐकेन. राहील ना तोवर?"

"काळजीच करू नका," मन्मथ म्हणाला होता.

त्याला दीड वर्ष झालं होतं.

"आधी पाणी घे," अप्पा म्हणाले.

"घेईन, अप्पा. आधी ते..." तिनं मन्मथकडे बघितलं. "शिव्या दिल्या असतील तरी चालेल हो. मनाची तयारी करून आलेय."

मन्मथनं अप्पांकडे बघितलं. अप्पा त्याच्याच ओठांकडे बघत होते.

"ताई," तो म्हणाला, "ते बोलणं माझ्याकडे नाही."

तिला कळलं नाही.

त्यानं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, प्रोग्रॅम, बंद पडलेली कंपनी. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं तिला परक्या मुलखातल्या बातमीसारखं वाटतंय. तो थांबला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "सुटे आवाज मीच पुसले. गठ्ठा उघडून बघायला हवा होता, तो बघितला नाही."

ती कितीतरी वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बरं. नसू दे. तुम्ही तिथंच होतात ना? तुमच्या शब्दांत सांगा. काय बोलले बाबा? थोडंफार. जेवढं आठवतंय तेवढं."

"ताई, मी... मी यंत्राकडे बघत होतो."

"अकरा मिनिटं?"

"अकरा मिनिटं."

तिनं मान हलवली. नर्स होती. यंत्राकडे बघत बसलेली माणसं तिनं पाहिली होती.

मन्मथला वाटलं, आता उठून जावं. पण मघाशी आलेला तो शब्द अजून सांगायचा होता. तो सांगितला नाही, तर जन्मभर तसाच राहील.

"एक आठवतंय," तो म्हणाला. "मधे एकदा ते 'पाणी' म्हणाले."

महानंदानं वर बघितलं.

"मी हातानं खूण केली... थांबा म्हणून. भांड्याचा आवाज आत आला असता."

"मग?"

"ते थांबले. आणि पुढं बोलू लागले."

"म्हणजे पाणी दिलं नाहीत."

"सगळं संपल्यावर."

तिनं तोंड फिरवलं. पदर तोंडाशी नेला, आणि तिचे खांदे हलू लागले. नऊ वर्षांचं जे काही होतं ते बाहेर येत होतं, की एका घोटाचं, कोण जाणे. मन्मथला तिच्याकडे बघवेना. पण आज त्यानं नजर दुसरीकडे नेली नाही.

बऱ्याच वेळानं अप्पा सरकत सरकत तिच्याजवळ आले.

"हात आण तुझा," ते म्हणाले.

तिनं ओला हात पुढं केला. अप्पांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मला ऐकू आलं नाही, पोरी. ओठांवरून कळतं, पण त्याचं तोंड या पोराकडे होतं. मला पाठ दिसत होती. मला एवढंच ठाऊक आहे. बोलणं सरलं, आणि त्यानं माझा हात दाबला. असा..."

त्यांनी तिचा हात दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"दोनदा. मला वाटलं, पाणी मागतोय. मी पाणी दिलं, तो प्यायला."

महानंदा हाताकडे बघत राहिली.

"पुन्हा दाखवा," ती म्हणाली.

अप्पांनी पुन्हा दाबला. एकदा... आणि लगेच दुसऱ्यांदा.

"पाणी नव्हे, अप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ती बेल आहे. लहानपणी मी त्यांच्या गाडीतून शाळेला जायची. बेलच्या दोरीपर्यंत माझा हात पोचायचा नाही, मग ते माझा हात दाबून शिकवायचे. एकदा म्हणजे गाडी थांबवा. दोनदा म्हणजे..."

अप्पांनी विचारलं नाही. हातही सोडला नाही.

"दोनदा म्हणजे जाऊ द्या," ती शेवटी म्हणाली.

ती दुपारपर्यंत तशीच बसली होती. जेवली नाही, पाणी मात्र दोन भांडी प्यायली. जाताना मन्मथजवळ थांबली. तो काहीतरी बोलायला गेला, तर तिनं मान हलवून नको म्हटलं.

"बाकीच्यांना तरी आधी कळवा," ती म्हणाली. "माझ्यासारखं गाडीत बसून, मनाची तयारी करून येऊ देऊ नका त्यांना."

तिनं क्षमा केली, असं मन्मथला वाटलं नाही. तिनं दोषही दिला नाही. ती चपला घालून फाटकाबाहेर गेली, आणि लिंबापलीकडे दिसेनाशी झाली.

मन्मथ बाकीच्या एकोणचाळीस नावांची यादी घेऊन ओसरीवर बसला. पहिला फोन लावला. मग दुसरा. एकानं शिव्या घातल्या. एक बाई नुसतीच "असं होय..." म्हणाली, आणि ते शिव्यांहून जड गेलं. सहाव्या फोननंतर त्यानं मोबाइल खाली ठेवला.

"मी सबब सांगत नाही, अप्पा," तो म्हणाला. "पण मी प्रयत्न सोडणार नाही. तो गठ्ठा कसा बांधलाय ते शोधून काढीन. वर्ष लागेल, दोन लागतील. उघडेल तो कधीतरी."

"उघडेल," अप्पा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटतंय की काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

आतून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला. अप्पांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मन्मथची मान वळलेली त्यांनी बघितली.

"पाच नंबरच्या खोलीत गुत्तीकर मास्तर आहेत," ते म्हणाले. "सकाळपासून त्यांना काहीतरी सांगायचंय."

मन्मथ उठला. सवयीनं कोनाड्यातल्या माइककडे त्याचा हात गेला, आणि मधेच थांबला.

"अप्पा... हे नेऊ की नको?"

अप्पांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मग काय नेऊ?"

"बसायला काहीतरी ने," अप्पा म्हणाले. "मास्तर सावकाश बोलतात."