तळ्याची ओटी

राजालाही तळ्याचंच पाणी प्यावं लागत असे, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका नगरीत एकच तळं होतं. लोक त्याला देवी मानत आणि दर सणाला तांदूळ, गूळ, दूध पाण्यात सोडून तिची ओटी भरत. एका वर्षी तळं काठोकाठ हिरवं झालं. ते होतं शेवाळ, पण लोक म्हणाले, "देवी हिरवा शालू नेसली." मग काय, ओटी रोजच भरू लागली. शेवाळाची चंगळ झाली. मासे मेले, पाण्याला घाण सुटली आणि नगरी तहानेनं कासावीस झाली.

राजाने चुन्याच्या गाड्या आणवल्या. "ओता. जे असेल ते मरू द्या."

"थांब," तळाच्या गाळातून आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"डोळ्यांना न दिसणारे जीव. चुन्यानं शेवाळाबरोबर आम्हीही मरू. मग एवढ्या मढ्यांचा फडशा कोण पाडणार? तू?"

"राजाशी बोलताय तुम्ही."

"ठाऊक आहे. तुझ्या पणजोबांपासून या तळ्यात पानं गळली, फुलं पडली, मासे मेले. ते सगळं कुठे गेलं, कधी विचारलंस? आम्ही खाल्लं. ओटी बंद कर आणि गाड्या माघारी ने."

राजाने गाड्या माघारी वळवल्या. पुजारी कुरकुरले, तरी त्याने ओटी बंद केली.

उपाशी शेवाळ मेलं आणि तळाशी बसलं. पाणी काळं पडलं, वास आणखी वाढला. राजा गाड्या घेऊन परत आला. "फसवलंत मला."

"आम्ही पंगतीला बसलोय," गाळातून उत्तर आलं. "जेवणाऱ्यापुढची पत्रावळ ओढू नये, हेही राजाला शिकवायचं?"

राजा गाड्या घेऊन परत फिरला. दिवस गेले. एके सकाळी त्याला पाण्यातून तळाचे खडे दिसले. तो ओंजळभर पाणी प्याला आणि त्याचे डोळे भरून आले.

"तुमचं देऊळ बांधतो," तो म्हणाला.

"मुळीच नको. देऊळ आलं की नैवेद्य आला, आणि तो तुम्ही आमच्याच डोक्यावर ओतणार."

देऊळ झालं नाही. ओटीचे तांदूळ तेव्हापासून भुकेल्यांच्या पानात पडू लागले.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: जो न दिसता आपली घाण निस्तरतो, त्याला आपली पूजा नको असते, आपण घाण करणं थांबवावं, एवढंच हवं असतं.