वासराचा चीक आणि गावाचा खरवस

एका गावात, ओढ्याच्या अलीकडे, एक गवळी आणि गवळण राहायचे. त्यांच्या घरचा खरवस पंचक्रोशीत नावाजलेला. गाय व्याली की पहिला सगळा चीक पातेल्यात! गूळ-वेलदोडा घालून वड्या पाडायच्या आणि पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत पोचवायच्या. लोक बोटं चाटत म्हणायचे, "गवळी असावा तर असा!" तेवढ्यावर गडी महिनाभर फुगून चालायचा.

वासरं मात्र नुसते हाडांचे सापळे. तिनातलं एक तर जायचंच.

एकदा गावात झाडपाल्याचा वैद्य आला. गुळवेल, शतावरी आणि शेवग्याच्या पाल्याचा अर्क त्यानं बाटलीत भरून आणला होता. म्हणाला, "वासरू चारा चावायला लागलं की रोज दोन चमचे भरड्यात कालवून द्या. भूक वाढेल, अंग धरेल. पण जन्मल्याबरोबर आईचा चीक पोटभर पाजा. ते चुकलं तर माझी बाटली म्हणजे नुसतं हिरवं पाणी."

गवळ्यानं 'अंग धरेल' एवढंच ऐकलं आणि बाटली घेतली. बाकीचं वाऱ्यावर.

पुढं मोरी गाय व्याली. वासरू धडपडत उभं राहिलं, आचळाकडे निघालं, तोच गवळ्यानं त्याला दाव्याला बांधलं.

"अहो, लागू द्या की त्याला!" गवळण म्हणाली.

"अगं, पाटलांकडे पाहुणे आलेत. आणि याला अर्क आहे ना!" असं म्हणत त्यानं बाटली वासराच्या तोंडात रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. मोरी रिकामं दावं हुंगत हंबरत राहिली.

गवळी तरातरा पारावर गेला. वैद्य तिथंच बाटल्या मांडून बसला होता. "या लुच्च्या वैद्याच्या बाटलीनं माझं वासरू खाल्लं!" गावानं बाह्या सरसावल्या.

मागोमाग गवळण आली, पदर खोचून. "वैद्यबुवांना हात लावाल तर खबरदार! वासरू कुणी खाल्लं म्हणता? तुम्ही खाल्लं! पाटील, तुमच्या ताटात तीन वड्या होत्या. पुजारीबुवा, तुम्ही तर आणखी मागून घेतल्या. आणि गूळ किसून दिला मी, म्हणजे मीही त्यातलीच." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "लेकराच्या तोंडचं काढून गावाला वाटायचं, लेकराला पाला पाजायचा, आणि मेलं की पाल्याला शिव्या? लाज कशी वाटत नाही हो?"

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या.

चैत्रात त्यांची दुसरी गाय, तांबू, व्याली. गवळण गोठ्याच्या दारातच बसली. गवळी सवयीनं पातेलं घेऊन आला. तिनं नुसतं पाहिलं. त्यानं पातेलं पालथं घातलं आणि त्यावरच बसून राहिला. आत कालवड ढुशा देत देत पोटभर प्याली. पुढं चारा चावायला लागल्यावर भरड्यात नव्या बाटलीतल्या अर्काचे दोन चमचेही सुरू झाले.

वसुबारसेला पाटील सहकुटुंब गाय-वासरू ओवाळायला आले. कालवडीची पाठ तेल लावल्यासारखी चकाकत होती.

"काय गवळणबाई, यंदा खरवस आला नाही तो?"

"आला की, पाटील. हा काय, चार पायांवर उभा आहे!"

तात्पर्य: आधी ज्याचं त्याच्या तोंडात पडू द्या, मग वरचं औषध पाजा. हक्काचा घास हिसकावून वर अर्क पाजणाऱ्याला पुण्य लागत नाही.