एकशे एक सुऱ्या आणि लोखंडी वेल

एका राज्यात भद्रकेतू राजा राज्य करीत होता आणि त्याला सुऱ्यांचा भारी छंद होता. देशोदेशीच्या लोहारांनी हाताने घडवलेल्या एकशे एक सुऱ्या त्याच्या दालनात टांगलेल्या होत्या. राजा रोज सकाळी त्यांच्यावरून रेशमी फडका फिरवी. त्यांतल्या एकीनेही कधी काकडीसुद्धा कापली नव्हती.

एके दिवशी कालजिव्ह नावाचा मांत्रिक धापा टाकीत राजद्वारी आला. त्याच्या वासराच्या गळ्याला दाव्याचा फास बसला होता आणि दावे कापायला त्याला सुरी हवी होती.

राजा म्हणाला, "या सुऱ्या पाहण्यासाठी आहेत, वापरण्यासाठी नाहीत."

वासरू मेले. मांत्रिकाने शाप दिला, "राजा, तुझ्या राणीला महालासकट लोखंडी वेल वेढील. तुझ्या संग्रहातली एकच सुरी ती कापील. दुसरी कोणतीही जो वेलीवर चालवील त्याचा हात दगडाचा होईल. सातव्या दिवशी सूर्य मावळला की वेल आवळेल."

तत्क्षणी राणी हेमप्रभेच्या महालाला वेलीने विळखा घातला. सहा दिवसांत सहा वीर आले. प्रत्येकाने दिसायला देखणी सुरी उचलली आणि प्रत्येकाचा हात कोपरापर्यंत दगड झाला. सहावा होता द्वारपाल येसाजी.

सातव्या दिवशी दुपारी येसाजीची बहीण हौसा आली. ती बुरडीण; कळक फोडून सुपे-टोपल्या विणण्यात तिची वीस वर्षे गेली होती. भावाचा थंडगार हात तिने क्षणभर आपल्या हातात धरला आणि ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, सुऱ्या बघू द्या."

वेलीवर एक तांबट पक्षी बसला होता. मांत्रिकाने त्याला राखणीला ठेवले होते. तो बोलला, "बाई, निवडीच्या तीनच फेऱ्या मिळतील. मग उरलेली सुरी वेलीवर चालवावीच लागेल."

"बरं," हौसा म्हणाली.

तिने तळहातांना तेल चोळले आणि एकेक सुरी मुठीत आवळून पाहिली. कामात हाताला घाम येतो, चीक लागतो. तेव्हाही मूठ हातात राहायला हवी. रत्नजडित मुठी टोचत होत्या, हस्तिदंती निसटत होत्या. साठ सुऱ्या बाजूला झाल्या.

"या काय वाईट आहेत?" राजाने विचारले.

"भिंतीवर शोभतील, महाराज."

मग उरलेल्या सुऱ्यांच्या मुठी तिने एकेक करून दगडी पायरीवर हलकेच आपटल्या आणि कान लावला. पाते मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेले असेल तर आवाज एकच येतो. बहुतेकींच्या मुठीत पात्याचे नुसते बोटभर शेपूट होते, त्या खुळखुळल्या. तीन उरल्या.

तिसऱ्या वेळी हौसाने वाळक्या कळकाचे पेर मागवले. पहिली सुरी गाठीवर घातली, तर धारेचा टवका उडाला. लोखंड कडक होते, पण ठिसूळ. दुसरी उचलली तसा राजा पुढे झाला.

"ती नको. राज्याभिषेकाला मी कमरेला लावली होती. तिच्या पात्यावरची लहर पाहा. तिला ओरखडा उठेल."

"महाराज, सूर्य कलला आहे."

राजाने महालाकडे पाहिले. खिडकीतून राणीची नुसती बोटे दिसत होती.

"घाल," तो म्हणाला.

गाठीवर बसताच ती धार मेणासारखी वाकली. राजाने तोंड फिरवले.

तिसरी सुरी काळपट होती, बाभळीच्या मुठीची. ती कोणी घडवली, हे राजाला आठवेना. तिने कळकाची गाठ चिरली. मग हौसाने तीच धार आपल्या मनगटावरून फिरवली. लव सहज निघाली.

"हीच," ती म्हणाली.

तिने सुरी वेलीवर चालवली. हात दगडाचा झाला नाही. एक विळखा तुटला, दुसरा तुटला, तिसरा तुटला. पण तोवर हौसाच्या खांद्यात बळ उरले नाही आणि ऊन तांबूस झाले. तिने पाते आपल्याकडे धरून मूठ फटीतून आत सरकवली.

"राणीसाहेब, आतून तुम्ही कापा. घाई करू नका, दाबू नका. ओढा."

राणीने जन्मात सुरी धरली नव्हती. तिने मूठ पकडली आणि ओढली. सूर्याची कडा टेकडीला टेकली तेव्हा शेवटचा विळखा खळकन खाली पडला. सहा वीरांच्या हातांत पुन्हा रक्त फिरले. येसाजीने बोटे उघडून मिटली आणि तो मोठ्याने रडला. तांबट उडून गेला.

राणी बाहेर आली आणि म्हणाली, "मला भूक लागली आहे."

राजाने बागेतून डाळिंब तोडून आणले आणि तिच्या हातातली सुरी मागून घेतली. तो स्वतः डाळिंब कापू लागला.

"धार अंगठ्याकडे नको, महाराज," हौसा म्हणाली.

राजाने सुरी फिरवून धरली. डाळिंबाचा रस मुठीवर सांडला आणि बाभळीच्या लाकडात मुरला. तो डाग राजाने कधी पुसला नाही, आणि ती सुरी पुन्हा कधी भिंतीवर टांगली गेली नाही.