नदीकाठचं स्वस्त पाणी

नरसूशेटच्या दुकानावर पाटी लागली, 'तांब्याची घागर! दुसरीकडे दहा रुपये, इथे फक्त सात!' आणि समोरच्या सुंद्राबाई तांबटणीचं गिऱ्हाईक तुटलं. तिची घागर सहा रुपयांना होती, वजनालाही तेवढीच. पण लोक शेटला सात मोजायचे आणि तीन वाचले म्हणून खुशीत घरी जायचे. महिनाभर भट्टी पेटली नाही, तेव्हा ती गडावर शिवणीच्या अमृतराव राजांकडे गेली.

राजे म्हणाले, "पाटी काय कुणाच्या कनवटीला हात घालते? लोकांना आकडे कळतात, बाई."

दिवाणजी हसले. "पाटीत एवढी करामत असेल, तर उद्या घाटावर बसून नदीचंच पाणी विकून दाखव."

राजांना ही कल्पना फार आवडली. "विक. पण नदीची वाट अडवायची नाही आणि पाटीवर खोटा शब्द लिहायचा नाही. दुपारपर्यंत वीस घागरी खपल्या नाहीत, तर दुकान बंद कर आणि गाव सोड."

सुंद्राबाई म्हणाली, "चालेल, महाराज."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. घाटाच्या वरच्या पायरीवर तिने भरलेले हंडे मांडले आणि पाटी लावली, 'गडावर पाण्याच्या घागरीला दोन आणे. इथे फक्त एक पैसा!'

पहिल्या दोघी वाचून सरळ नदीवर उतरल्या. मग एक गूळवाला थबकला.

"दोन आण्यांचं, म्हणजे आठ पैशांचं पाणी एका पैशात?"

"गडावर दोन आणेच पडतात. कुणालाही विचारा."

त्याने घागर भरून घेतली. त्याला बघून मागचे दोघे थांबले, त्यांना बघून आणखी चौघे. बघता बघता रांग लागली.

दुपारी राजे आले, तेव्हा सत्तावीस घागरी खपल्या होत्या. अठ्ठाविसावी घेऊन स्वतः दिवाणजी उभे होते.

"महाराज, एका घागरीमागे सात पैसे वाचले!"

"दिवाणजी, नदी दहा पावलांवर आहे."

दिवाणजींनी नदीकडे पाहिलं, मग घागरीकडे.

राजे सुंद्राबाईकडे वळले. "पाटीवर खोटं लिहायचं नाही, असं ठरलं होतं."

"खोटं कुठंय? गडावर पखालवाला तीनशे पायऱ्या चढून पाणी आणतो, म्हणून तुमचाच मुदपाकखाना त्याला दोन आणे देतो. लोकांनी दोन आण्यांकडे पाहिलं, नदीकडे पाहायचं राहून गेलं."

"मग नरसूशेटची पाटी उतरवायचा हुकूम देऊ?"

"नको, महाराज. राहू दे. फक्त 'दुसरीकडे' लिहिलंय ना, तिथे त्या दुसऱ्या दुकानदाराचं नाव घालायला सांगा."

राजे एवढे हसले, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. तसा हुकूम गेला. शेटने संध्याकाळपर्यंत दहा रुपये घेणाऱ्याचं नाव शोधलं, ते सापडलं नाही, आणि शेवटी पाटी स्वतःच उतरवली. गडाच्या मुदपाकखान्याला लागणाऱ्या शंभर घागरींचं काम राजांनी सुंद्राबाईला दिलं, प्रत्येकी सहा रुपयांनी.