वहीतलं खोडलेलं वाक्य

"आणि त्यानं तोंड फिरवलं तर?"

मल्लिनाथबुवा मठाच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यावर काय बोलायचं, तेही लिहून आणलं असशील की."

आणलं होतं. सातव्या पानावर.

हेरंब बंगळुरात साठ इंजिनियरांना कामाला लावणारा माणूस, पण इथे पायरीवर त्याच्या तळहातांना घाम सुटला होता. नदीपलीकडच्या इस्पितळात त्याचा दादा होता. उद्या सकाळी दादाच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि भेटायची वेळ आज पाच ते सहा, तेवढीच. नऊ वर्षं दोघं बोलले नव्हते. वडील गेले तेव्हा हेरंब हातातलं काम उरकून चौथ्या दिवशी घरी पोचला. दादानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. चूक कुणाची, हे हेरंबला पुरतं ठाऊक होतं.

म्हणून ही वही. आपण काय म्हणायचं, त्यावर दादा काय काय म्हणू शकेल, मग आपण काय... पानोपानी बाण काढले होते. एक्केचाळीस वाक्यं झाली होती. दादा दर गुरुवारी मठात यायचा, बुवा त्याला ओळखून होते. त्यांनी त्यातून पहिलं बोलायचं वाक्य निवडून द्यावं, एवढंच हेरंबचं मागणं होतं.

"अशी वही करायला कुणी शिकवलं?" बुवांनी विचारलं.

हेरंबला नको असताना हसू आलं. मग सांगत सुटला. लहानपणी वडिलांच्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर घरी आला होता. त्यात एक खेळ होता, किल्ल्याचा. चित्रात बाण फिरवायचा, दिसेल त्यावर टिचकी मारायची. दोरी सापडली की उचलायची, दार दिसलं की ढकलायचं. स्टूल एकच, त्यावर सरकून सरकून दोघं अर्धे अर्धे. माऊस दादाकडे आणि उत्तरं टिपायची वही हेरंबकडे. किल्ल्याच्या दारात एक लंगडा शिपाई उभा असायचा. तो विचारायचा, कोण रे तू? खाली चार उत्तरं यायची. त्यातलं एकच बरोबर.

"मग तुम्ही बरोबर उत्तर हुडकायचात."

"नाही... दादा आधी चुकीचं दाबायचा. मुद्दाम."

"का?"

"शिपाई खंदकात कसा ढकलतो ते बघायला. तिन्ही चुकीची उत्तरं, एकामागून एक. आम्ही हसून हसून स्टुलावरून पडायचो. आई ओरडायची."

"आणि बरोबर उत्तर?"



"बरोबर उत्तरानं नुसतं दार उघडायचं."

बुवा शेंगा फोडत राहिले. हेरंबनं घड्याळ पाहिलं. साडेचार होऊन गेले होते, आणि पूल ओलांडायलाच दहा मिनिटं लागणार होती.

"पण तिथे मागे जाता यायचं, बुवा. खेळ जिथे ठेवला तिथून परत सुरू. इथे मी एक शब्द चुकलो आणि उद्या त्याला..."



बुवांनी हात झटकून वही घेतली. एक्केचाळीस वाक्यांवरून त्यांचं बोट सावकाश फिरलं. क्षमा होती, खुलासे होते, वडिलांचं नाव होतं. मग ते पुन्हा पहिल्या पानावर आले. तिथे अगदी वर एक ओळ खोडलेली होती.

"हे काय आहे?"

"ते काही नाही. सुचलं म्हणून लिहिलं होतं."

"वाच."

हेरंबचे कान लाल झाले. नऊ वर्षांचा अबोला, उद्या ऑपरेशन, आणि हे असलं वाक्य... त्यानं खाली बघूनच वाचलं.

"'दादा, सरक ना जरा.'"

"बरोबर आहे का?"

"छे. एवढ्या सगळ्यानंतर हे कसं म्हणायचं? साफ चुकीचं आहे."

बुवांनी वही उघडीच पायरीवर ठेवली आणि ओंजळभर टरफलं तिच्यावर ओतली. सोललेले दाणे त्यांनी हेरंबच्या ओल्या हातात दिले.

"जा," ते म्हणाले. "चुकीचं आधी."