जावेच्या गळ्यातली शिट्टी

"मग तिच्याच गळ्यात का, बाबा?"

वनिताने भाकरीचं फडकं कातळावर ठेवलं, पण गाठ सोडली नाही.

टेकडीवरच्या शंकराच्या देवळाबाहेर गोसावीबाबा समुद्राकडे पाठ करून बसले होते. मांडीवर घोंगडी. तिचं विरलेलं टोक ते शिवत होते.

"काय गळ्यात?"

"शिट्टी."

बाबांनी दोरा दाताने तोडला.

खाली वाळूवर कोळीवाड्याच्या वलांड्या उभ्या होत्या. बांबूला बांबू, मध्ये दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले ओले बोंबील. लांबून बघितलं तर कुणी पांढरी झालर लावल्यासारखं दिसत होतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा घरं या सुक्या मासळीवरच चालतात.

पूर्वी दिवाळी झाली की आभाळाकडे कुणी बघायचं नाही. आता भर थंडीत पाऊस येतो. भिजलेल्या बोंबलात किडे पडतात आणि तो खतात जातो. या हंगामात तसं दोनदा झालं, म्हणून कोळीवाड्यात बैठकीवर बैठक झाली. म्हातारे म्हणाले, दर्याच तापलाय, वारा कुठूनही सुटतो, माणसाने काय करायचं. पोरं म्हणाली, मोठी शेड मागू. शेड येईल तेव्हा येईल. तोवर एकीने आभाळावर नजर ठेवायची, ढग दिसला की शिट्टी मारायची, आणि शिट्टी ऐकली की ज्याने त्याने हाताला लागेल ती दोरी ताडपत्रीखाली ओढायची. आपली असो की दुसऱ्याची. एवढं ठरलं.

शिट्टी दिली वनिताच्या धाकट्या जावेला, हर्षालीला.

"राखण ठेवायची हे आधी मी म्हटलं होतं," वनिता म्हणाली. "मासळी धुताना, बायकांत. तेव्हा एकीने हूं केलं नाही. तीच गोष्ट हिने बैठकीत उभं राहून सांगितली, तर सगळे कसे कान टवकारून ऐकत होते. मोबाईलवर आभाळाचं चित्र काय दाखवलं. चित्र."

"चित्र खोटं होतं?"

"खोटं नव्हतं."

"मग?"

"मग काय... बैठकीत तुम्हीपण मान हलवलीत. मी बघितलं ना."

"हलवली."

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्याकडे येते. तुमचा शब्द खाली पडू देत नाही. ती एकदा तरी ही टेकडी चढलीय का?"

"नाही चढली."

बाबा सुईत दोरा ओवू लागले. दोरा दोनदा चुकला. एरवी वनिताने सुई हातातून घेतली असती. आज घेतली नाही.

"गळ्यात अशी मिरवते, जशी काय सासूबाईंनी पुतळ्यांची माळ घातलीय. भाकऱ्या थापतानासुद्धा काढत नाही. निजताना तरी काढते की नाही, दिराला विचारलं पाहिजे."

बाबा हसले. वनिताला त्या हसण्याचाही राग आला.

"तुम्हाला हसायला येतं. माझी पोरगीपण तिच्याच मांडीवर असते आता. सकाळी वेणी घालायला बसवली तर म्हणते, काकी घालेल. काकी मला ढग ओळखायला शिकवते..."

ती खाली बघत राहिली.

"आई काय शिकवते?" बाबांनी विचारलं.

"आई बोंबील टांगते."

...

"बरं, ती बसते कुठे ठाऊक आहे तुम्हाला? मारुतीच्या पारावर. सावली आहे, सगळ्यांना शिट्टी ऐकू जाते, म्हणून तीच जागा ठरली. शहाणी माणसं सगळी. त्या पारावरून दक्षिण दिसतच नाही. ही टेकडी आडवी येते. आणि पाऊस अलीकडे घुसतो तो दक्षिणेकडूनच."

सुई थांबली.

"बैठकीत सांगितलंस हे?"

"मला कुणी विचारलं?"

"जावेला?"

"बारावी शिकलीय ती. तिचं तिला कळू दे की."

बाबांनी घोंगडी जवळ ओढली. पुन्हा शिवू लागले.

खाली पारावर हर्षाली बसलेली दिसत होती. तिच्या शेजारी वनिताच्या पोरीचा तांबडा फ्रॉक. दोघी मान वर करून उत्तरेकडचं निळंभोर आभाळ बघत होत्या. हर्षालीने हात लांब करून पोरीला काहीतरी दाखवलं.

वनिताने तोंड फिरवलं.

तेव्हा तिला तो दिसला. बाबांच्या डोक्यामागे, दक्षिणेला, पाण्याला टेकलेला. शाईची दौत लवंडावी तसा. त्याच्याखालचं पाणी काळं पडलं होतं, आणि ते काळं पाणी अलीकडे सरकत होतं.

ती उठणार होती. अर्धवट उठलीही. मग बसली.

पारावरून तो दिसणार नाही. दिसेल तेव्हा वलांड्यांवर आलेला असेल. शिट्टी वाजेल, पण उशिरा वाजेल. सगळा कोळीवाडा भिजलेले बोंबील हातात घेऊन पाराकडे बघेल. मग बघू कोण कान टवकारतं.

तिचे स्वतःचे बोंबीलही खालीच होते. हर्षालीच्या दोरीला लागूनच तिची दोरी. नवरा पहाटे होडी घेऊन आला, तेव्हा दोघी जावांनी मिळून सगळे टांगले होते. सकाळी तिची बोटं जबड्यातल्या काट्यांनी सोलवटली होती. अजून झोंबत होती.

आपलेही जातील.

जाऊ देत. एकदाच. सगळ्यांसमोर.

"काय बघतेस?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही."

"काही नाही?"

"होडी आहे एक लांब."

"कुणाची?"

"ओळखू येत नाही."

...

वारा फिरला. देवळाच्या दारातला वाळका पाला गोल फिरून पायरीवर आला. वनिताने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बोटाभोवती गुंडाळला. सोडला. परत गुंडाळला.

बाबांनी शेवटची गाठ मारली. सुई टोपीत खोचली. घोंगडी झटकली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. देवळाच्या पुढे उघडा कातळ होता, तिथे गेले. घोंगडी नीट पसरली. वारा ती उचलायला लागला, तसे चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. एका कोपऱ्यावरचा दगड त्यांना लहान वाटला. तो काढून दुसरा आणला.

"बाबा, तिथे कशाला पसरता?"

"शिवून झाली. जरा ऊन देतो."

"आत ठेवा ती."

"राहू दे की. कुबट वास येतोय."

"अहो, भिजेल."

"एवढ्या उन्हात?"

"उन्हाचं काय घेऊन बसलात?" वनिता धावतच कातळाकडे गेली. "मागे बघा ना. केवढा ढग चढलाय. आता पोचतोच तो इथे. तुमच्याकडे एवढी एकच घोंगडी. ओली झाली तर रात्रभर काय पांघराल? मागच्या थंडीत खोकून खोकून काय झालं होतं, विसरलात? व्हा बाजूला."

तिने वाकून एक दगड काढला. दुसरा काढला. तिसऱ्या कोपऱ्याला हात घातला, तर तिथे दगडावर बाबांचा पाय होता.

"पाय काढा, बाबा."

बाबांनी पाय काढला नाही.

"बाबा, पाऊस आला. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

खाली पारावर तांबडा फ्रॉक अजून उत्तरेकडेच बघत होता.

"पण तू कशाला सांगतेस, बाय?" बाबा म्हणाले. "शिट्टी तर हर्षालीच्या गळ्यात आहे."